उजेडानं हृदयातली वीज कशी टिपायची: गावात बसून सुरुवात करणाऱ्यांसाठी

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका कापसाच्या गावचा. शाळा गावात, बीएस्सी जिल्ह्याच्या कॉलेजात, आणि आता एका मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये हृदयाचं ऑप्टिकल मॅपिंग करतो. म्हणजे हृदयाला वायरी न चिकटवता, त्यावर नुसता उजेड पाडून आणि कॅमेऱ्यानं बघून त्यातली वीज कुठून निघाली, कुठं पोचली, कुठं अडली ते टिपायचं. दिवाळीत गावी गेलो की पोरं-पोरी विचारतात, दादा हे शिकायचं कसं, आमच्या कॉलेजात तर मायक्रोस्कोपसुद्धा कपाटात कुलुपात असतो. त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. लॅबमध्ये पाय ठेवायच्या आधी या कामाचा मोठा भाग गावात शिकता येतो, आणि मी म्हणतो तो गावातच शिकावा, कारण लॅबमध्ये जिवंत हृदय समोर असताना चुका करायला वेळ नसतो.

या कामात सिग्नल इतका बारीक असतो की खोटा सिग्नल खऱ्यापेक्षा मोठा आणि दिसायला छान असतो. म्हणून खोटं ओळखायला आधी शिकायचं, हृदय नंतर. खाली जे काही सांगतो ते सगळं याच्यासाठी आहे.

आधी डोक्यात चित्र पक्कं करा

हृदयाच्या खालच्या कप्प्यातली स्नायूची पेशी आराम करत असताना आतून बाहेरच्यापेक्षा साधारण ८५-९० मिलिव्होल्टनं ऋण असते, ठोका आला की एका-दोन मिलिसेकंदात उसळून शून्याच्या वर जाते आणि मग हळूहळू खाली येते, माणसात या सगळ्याला २०० ते ३०० मिलिसेकंद लागतात. एक पेशी पेटली की शेजारची पेटवते, तिची शेजारीण तिसरीला. उन्हाळ्यात धुऱ्यावरचं वाळलेलं गवत पेटवल्यावर आगीची रेघ कशी पुढं पुढं सरकते, अगदी तसं. जळून गेलेल्या जागी लगेच दुसऱ्यांदा आग लागत नाही, तसंच पेशीलाही पुन्हा तयार व्हायला थोडा वेळ लागतो. आता धुऱ्याच्या मध्ये एखादी विहीर असेल आणि आग तिच्याभोवती फिरत राहिली, आणि गवत लगेच उगवणारं असलं, तर ती आग विझणारच नाही, गोल गोल फिरत बसेल. हृदयात जुन्या झटक्याचा व्रण असला की त्याच्याभोवती वीज अशी फिरत बसू शकते आणि ठोके बेफाम होतात. कधी कधी तर मध्ये विहीर नसतानाही लाट स्वतःभोवतीच फिरायला लागते, आणि हे फिरणं डोळ्यांनी दिसलं ते याच उजेडाच्या पद्धतीनं.

ईसीजीमध्ये हे का दिसत नाही? कारण ईसीजी छातीवरून सगळ्या हृदयाची एकत्र बेरीज दाखवतो. गावाबाहेर उभं राहून जत्रेचा आवाज ऐकण्यासारखं आहे ते, गर्दी किती ते कळतं, कोण कुठं उभं आहे ते नाही. हृदयावर थेट सुया टोचून बघता येतं पण किती टोचणार, आणि बेफाम ठोके थांबवायला शॉक देताना तर त्या सुयांमध्ये शॉकचाच गोंधळ भरतो. उजेडाला तो त्रास नाही.

मग वीज उजेडात कशी दिसते, तर एक खास रंग असतो, म्हणजे डाय. तो पेशीच्या पडद्यात जाऊन बसतो आणि पडद्यावरचा व्होल्टेज बदलला की त्याची चमक बदलते. १९७६ साली सलामा आणि मोराद या दोघांनी मेरोसायनिन ५४० नावाच्या डायनं बेडकाच्या हृदयातली वीज अशी टिपून दाखवली. आज बहुतेक ठिकाणी डाय-४-अ‍ॅनेप्स किंवा आरएच-२३७ वापरतात. डाय-४-अ‍ॅनेप्सवर हिरवा उजेड टाकतात, साधारण ५२०-५३० नॅनोमीटरचा, आणि तो लाल-नारिंगी उजेड परत देतो, कॅमेऱ्यासमोर ६१० च्या पुढचाच उजेड आत सोडणारा फिल्टर असतो. १०० मिलिव्होल्ट बदलले तर चमक फार तर १० टक्क्यांच्या आसपास बदलते, आणि अख्ख्या हृदयावर प्रत्यक्षात त्याहूनही कमी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं सारखा लागणार आहे.

हळद, तेल आणि नोटा तपासायची टॉर्च

फ्लुओरोसन्स, म्हणजे एका रंगाचा उजेड घेऊन दुसऱ्या रंगाचा परत देणं, वाचून समजत नाही, बघून समजतं. नोटा तपासायची जांभळी टॉर्च आणा, डोळ्यात मारायची नाही, दुसऱ्याच्याही नाही. तीन पारदर्शक ग्लास घ्या. एकात साधं पाणी, दुसऱ्यात खायचं तेल, तिसऱ्यात हात धुवायचं सॅनिटायझर. तिन्हीत चिमूटभर हळद टाका, घरची वायगाव हळद असेल तर उत्तमच, ढवळा आणि गाळ खाली बसू द्या. रात्री लाईट बंद करून टॉर्च बाजूनं मारा. तेल आणि सॅनिटायझर हिरवट-पिवळं झगमगतं, पाणी मात्र मलूलच राहतं.

आता हे नीट बघा, कारण डाय-४-अ‍ॅनेप्सही असाच वागतो. पाण्यात तो जवळजवळ चमकत नाही, पेशीच्या चरबीच्या पडद्यात शिरला की चमकतो. म्हणून हृदयातून वाहणाऱ्या द्रावणात उरलेला डाय फारसा त्रास देत नाही आणि पेशींवर बसलेला तेवढा दिसतो. हे मी पुस्तकात चार वेळा वाचलं होतं पण डोक्यात बसलं ते हळदीच्या ग्लासामुळं.

दुसरं, पालकाची चार पानं सॅनिटायझरमध्ये चोळून गाळून घ्या. हिरवं पाणी होईल. टॉर्च मारली की बाजूनं ते रक्तासारखं लाल दिसतं. टाकला जांभळा उजेड आणि परत आला लाल, म्हणजे परत येणारा उजेड नेहमी लांब तरंगलांबीकडं सरकलेला, आणि याच फरकावर फिल्टरचं सगळं काम चालतं. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर डेकोरेशनचा लाल जिलेटिन कागद धरा आणि फोटो काढा. जांभळा बराच कमी होईल पण टॉर्च थोडी कॅमेऱ्याकडं वळवली की कागदातूनही झिरपेल, कारण टाकलेला उजेड परत येणाऱ्यापेक्षा हजारो पटींनी जास्त असतो. दोन कागद लावून बघा, तीन लावून बघा, टॉर्चचा कोन बदला. कोनानं जेवढा फरक पडतो तेवढा कागदानं पडत नाही हे ज्याला हातानं कळलं त्याला लॅबमधली एलईडी कुठं बसवायची ते सांगावं लागत नाही.

फोटोडायोड आणि ट्यूबलाईटचं हृदय

आता मोजायचं. सामान कमी लागतं: बीपीडब्ल्यू-३४ फोटोडायोड (उजेड पडला की करंट देतो), एलएम-३५८ चिप (त्या करंटचा मोजता येईल असा व्होल्टेज करते), १ मेगाओहमचा रेझिस्टर, १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, अर्डुइनो उनो (व्होल्टेज वाचून लॅपटॉपला पाठवणारा छोटा बोर्ड), ब्रेडबोर्ड. नागपूर-अमरावतीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सगळं मिळतं. फोटोडायोडचा कॅथोड चिपच्या वजा इनपुटला, अ‍ॅनोड ग्राउंडला, अधिक इनपुटही ग्राउंडला, रेझिस्टर आणि कपॅसिटर दोन्ही आउटपुटपासून वजा इनपुटपर्यंत. डायोड उलटा लागला तर आउटपुट शून्यावरच बसून राहतं, घाबरायचं नाही, फिरवून लावायचा. आउटपुट वरच टेकून बसलं तर उजेड जास्त होतोय, १ मेगाओहम काढून १०० किलोओहम लावा. १ मेगाओहमला एक मायक्रोअँपियर म्हणजे एक व्होल्ट, हिशेब सोपा आहे.

उजेडासाठी ५ मिलिमीटरची हिरवी एलईडी, १ किलोओहम रेझिस्टरमधून, आणि ती चालवायची फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. चार्जरवर नाही, घरच्या लाईटवर तर अजिबात नाही. बॅटरीचा उजेड गुळगुळीत असतो, स्वस्त अडॅप्टरचा थरथरता. सिग्नलच एक-दोन टक्के असेल आणि उजेडच अर्धा टक्का थरथरत असेल तर काय टिपणार? अर्डुइनो लॅपटॉपवरून चालवा, लॅपटॉपचा चार्जर काढून. काही पॉवरबँक कमी करंट ओढला की आपोआप बंद होतात, त्यात माझे दोन दिवस गेले.

एलईडी आणि फोटोडायोड शेजारी-शेजारी ठेवून बोट दोन्हींवर टेकवलं की नाडी दिसते. ही वीज नाही हं, हे रक्ताचं येणं-जाणं आहे, प्रत्येक ठोक्याला बोटात रक्त थोडं वाढतं आणि उजेड थोडा कमी पोचतो. पण बदल तोच, एक-दोन टक्क्यांचा, म्हणून सरावाला याच्याइतकं चांगलं काही नाही.

आता माझ्यावर काय बीतलं ते सांगतो. दुसऱ्या वर्षाला होतो, रात्री ओसरीवर बसून हाच सर्किट लावलेला, लॅपटॉपवर ग्राफ धावतोय, मिनिटाला ११८-१२० ठोके, एकसारखे, सुंदर. मला वाटलं मी धावत आलो म्हणून असेल. दहा मिनिटं बसलो, तरी ११८. मग बोट काढलं. ग्राफ चालूच. एलईडी बंद केली. ग्राफ चालूच, उलट आणखी ठळक. आजी शेजारी वाती वळत बसली होती, ती म्हणे, "कोणाचे ठोके मोजून राहिला रे बापू?" मला उत्तरच येईना. तेवढ्यात गावाची लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर होता म्हणून स्क्रीन चालू राहिली, आणि ग्राफ एकदम सपाट झाला, शेतातल्या पाण्यासारखा. वीस मिनिटांनी लाईट आली, ओसरीवरची ट्यूब फडफडली, आणि ग्राफ पुन्हा धडधडायला लागला. आजी म्हणे, "लाईट गेली तं याचं काळीज बंद पडते काय?"

तेच होतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि दिवा अर्ध्या-अर्ध्या चक्राला उजळतो म्हणून उजेड सेकंदाला १०० वेळा थरथरतो. माझ्या कोडमध्ये दर वाचनानंतर १० मिलिसेकंद थांबायचं लिहिलं होतं, पण वाचायला आणि पाठवायला आणखी थोडा वेळ जातो, म्हणजे प्रत्यक्षात १०.२ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ९८ वाचनं. १०० वेळा थरथरणारी गोष्ट ९८ वेळा बघितली तर ती सेकंदाला २ वेळा हलताना दिसते. २ गुणिले ६०, १२० ठोके. सिनेमात बैलगाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं त्याचंच हे भावंड, याला अलियासिंग म्हणतात, आणि त्या दिवसापासून मी कुठल्याही ग्राफला बोट काढून बघितल्याशिवाय हृदय म्हणत नाही.

तुम्ही हे मुद्दाम करून बघा. ट्यूबखाली सेन्सर ठेवा, थांबायचा वेळ ९, १०, ११ मिलिसेकंद करा आणि खोटे ठोके कसे बदलतात ते वहीत लिहा. मग कोडमध्ये थांबण्याऐवजी मायक्रोसेकंदाचं घड्याळ बघून बरोबर दर १ मिलिसेकंदाला वाचायला लावा, लॅपटॉपला आकडे पाठवायचा, म्हणजे सिरियलचा, वेग वाढवून ठेवा, म्हणजे थरथर तिच्या खऱ्या रूपात, १०० हर्ट्झची, दिसेल. त्या १ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरवर विसंबू नका, तो १ मेगाओहमसोबत साधारण १६० हर्ट्झच्या वरचंच कापतो, १०० वाल्याला तो आरामात जाऊ देतो.

आणखी एक हिशेब याच सर्किटवर करा. उनो ५ व्होल्टचे १०२४ तुकडे करतो, एक तुकडा जवळपास ५ मिलिव्होल्ट. तुमचा सिग्नल २ व्होल्टवर बसलाय आणि ठोका १ टक्क्याचा, म्हणजे २० मिलिव्होल्ट, म्हणजे अख्खा ठोका फक्त चार पायऱ्यांचा. उनो १० बिटचा आहे म्हणून असं होतं, लॅबमधले कॅमेरे १२-१४ किंवा १६ बिटचे असतात, म्हणजे पायऱ्या खूप बारीक.

वेग आणि उजेडाचा हिशेब

मोबाईलचा कॅमेरा का चालत नाही असं सगळे विचारतात. हृदयाच्या खालच्या कप्प्यात ही लाट सेकंदाला साधारण अर्धा मीटर धावते, म्हणजे मिलिसेकंदाला अर्धा मिलिमीटर. मोबाईल एरवी सेकंदाला ३० फ्रेम घेतो, दोन फ्रेमच्या मध्ये ३३ मिलिसेकंद, तेवढ्यात लाट १६ मिलिमीटर गेलेली असते. सशाच्या हृदयाचा बराचसा भाग पार. १००० फ्रेम घेतल्या तर दर फ्रेमला अर्धा मिलिमीटर, मग रस्ता दिसतो.

पण फ्रेम वाढवल्या की प्रत्येक फ्रेमला उजेड कमी मिळतो, आणि उजेड म्हणजे कण. पावसात पत्र्याचा डबा ठेवून दर सेकंदाला किती थेंब पडले मोजा, पाऊस एकसारखा असला तरी आकडा वरखाली होतोच. उजेडाचंही तसंच, आणि वरखाली होणं मोजलेल्या आकड्याच्या वर्गमुळाएवढं. एका पिक्सेलनं १०,००० कण मोजले तर गडबड १०० ची, म्हणजे १ टक्का. तुमचा सिग्नल ५ टक्के असेल तर बरं, १ टक्का असेल तर गडबडीतच बुडाला. दहा लाख कण मोजले तर गडबड ०.१ टक्का. म्हणून या कामात बारीक पिक्सेलवाला महागडा फोटोग्राफीचा कॅमेरा उपयोगाचा नाही, मोठे पिक्सेल पाहिजेत. १०० गुणिले १०० पिक्सेलचे कॅमेरे अजून मजेत वापरतात, आणि त्याआधी १६ गुणिले १६ फोटोडायोडच्या पाटीवर लोकांनी मोठमोठं काम केलं. नवीन माणूस मेगापिक्सेल विचारतो. तुम्ही एका पिक्सेलमध्ये किती इलेक्ट्रॉन मावतात ते विचारा.

टाक्यातली पिसू

आता खरं हृदय, पण पारदर्शक प्राण्याचं. गुरांच्या पाण्याचं टाकं बरेच दिवस धुतलं नसलं की हिरवट पाण्यात टाचणीच्या डोक्याएवढे दाणे उड्या मारत फिरताना दिसतात, ती पाण्यातली पिसू, डाफ्निया किंवा तिची बहीण मोइना. चहाच्या गाळणीनं धरा. काचपट्टीवर एक थेंब पाणी, आणि त्यात पऱ्हाटीच्या बोंडातल्या कापसाचे चार-पाच तंतू विंचरून टाका. तंतूंच्या जाळ्यात ती अडकून बसते, चेंगरत नाही. कापसाच्या गावात हे सामान विकत आणावं लागत नाही. कॉलेजचा मायक्रोस्कोप नाही मिळाला तर कागदाचा फोल्डस्कोप मागवा, त्यावर मोबाईल चिकटवता येतो.

डोळ्याच्या मागं, पाठीच्या बाजूला, पारदर्शक अंगात एक थैली भराभर फडफडताना दिसेल, मिनिटाला दोनशे-तीनशे वेळा. ते हृदय. पहिल्यांदा बघाल तेव्हा जरा वेळ रेकॉर्डिंग विसरून नुसतं बघा.

मग मोबाईल स्लो-मोशनला लावा, २४० फ्रेमला, वीस सेकंद. खाली उजेड बॅटरीवरच्या एलईडीचा, ट्यूबचा नाही, कारण आता तुम्हाला माहीत आहे. व्हिडिओ लॅपटॉपवर घ्या, एफएफएमपेग नावाच्या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरनं अनकॉम्प्रेस्ड एव्हीआय करा, फुकटच्या इमेज-जे सॉफ्टवेअरमध्ये उघडा, हृदयावर छोटा चौकोन काढा आणि स्टॅक्सच्या मेन्यूमधून झेड-अ‍ॅक्सिस प्रोफाईल काढा. चौकोनाची सरासरी चमक वेळेनुसार वरखाली होताना दिसेल. दुसरा चौकोन हृदयापासून दूर, अंगावर काढा. तिसरा रिकाम्या पाण्यावर. तिन्ही ग्राफ एकाखाली एक ठेवा.

बहुतेक वेळा दुसऱ्या चौकोनातही ठोके दिसतात. तिथं हृदय नाही, मग ठोके कुठून? कारण हृदय हललं की अंग हलतं, आणि अंगाची कडा चौकोनात आत-बाहेर होते. यालाच मोशन आर्टिफॅक्ट म्हणतात, आणि ऑप्टिकल मॅपिंगचा तो सगळ्यात जुना शत्रू. इथं पिसूमध्ये तुम्ही मोजताय ती हालचालच आहे, वीज नाही, हे विसरू नका. पण लॅबमध्ये वीज मोजायची असताना हीच हालचाल विजेचं सोंग घेऊन येते. काम झालं की पिसू टाक्यात परत सोडा.

बोकडाचं हृदय बाजारातून

बाजारच्या दिवशी खाटकाला सांगून ठेवा की हृदय देताना वरची मोठी नळी, एओर्टा, दोन बोटं लांब ठेव. नाहीतर तो मुळाशीच कापतो आणि मग बांधायला काही उरत नाही. यात वीज नाही, ते केव्हाच मेलेलं आहे, त्यावर डाय टाकून काही मिळणार नाही. पण हातांचा सराव होतो.

सलाईनच्या नळीचं तोंड एओर्टात अर्धा-एक सेंटीमीटर घाला, झडपेच्या खाली जाऊ देऊ नका, दोऱ्यानं घट्ट बांधा, आणि बाटली हातभर उंच टांगून साधं पाणी सोडा. पाणी उलट्या दिशेनं येतं म्हणून झडप बंद होते, पाण्याला आत जायला जागा राहत नाही, मग ते झडपेच्या लगेच वर असलेल्या दोन बारीक छिद्रांतून हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत शिरतं. पाण्यात थोडा खायचा रंग टाकला की पृष्ठभागावर फांद्या फांद्या रंगत जाताना दिसतात. १८९५ मध्ये ऑस्कर लांगेंडॉर्फनं सस्तन प्राण्याचं हृदय शरीराबाहेर जिवंत ठेवलं ते याच युक्तीनं, आणि आजही ऑप्टिकल मॅपिंगची सुरुवात इथूनच होते. नळी खोल गेली तर पाणी खालच्या कप्प्यात भरतं, हृदय फुगतं आणि रंग पसरत नाही. हे चार-पाच वेळा चुकवा. नळीत हवेचा बुडबुडा सोडून बघा, तो बारीक फांदीत जाऊन बसला की तिच्या पुढचा भाग रंगतच नाही. जिवंत हृदयात तोच भाग मरतो.

जिवंत प्राण्यावर घरी काही करायचं नाही. उंदीर असो, बेडूक असो, कोंबडी असो. ते काम फक्त नोंदणी झालेल्या संस्थेत, तिथल्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी घेऊन, शिकलेल्या माणसाच्या हाताखाली. मला हा नियम मनापासून पटतो. एका प्राण्याचा जीव जाणार असेल तर त्या दिवशी ट्यूबलाईटमुळं डेटा वाया गेला असं होता कामा नये.

लॅबमधला दिवस

इथं थोडक्यात सांगतो कारण प्रत्येक लॅबची आपली पद्धत असते. द्रावण, बहुतेक टायरोड नावाचं क्षारांचं पाणी, ३७ अंशांवर, पीएच ७.४, त्यात ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साईड बुडबुडत ठेवलेला. प्राण्याला हात लावायच्या आधी हे सगळं तयार आणि नळ्या बुडबुड्याशिवाय पाहिजेत. हृदय काढल्यापासून नळीवर बांधेपर्यंत फार थोडी मिनिटं असतात. मग ते स्थिर व्हायला थोडा वेळ द्या.

हालचाल थांबवायला ब्लेबिस्टॅटिन देतात, साधारण १० मायक्रोमोलर. स्नायू आकुंचन पावत नाही पण वीज चालू राहते. पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो, हृदय दगडासारखं शांत आणि स्क्रीनवर त्यातून लाटा धावतायत. दोन गोष्टी जपा: हे औषध पाण्यात नीट विरघळत नाही, गार द्रावणात घाईनं टाकलं तर स्फटिक होतात आणि बारीक वाहिन्या बुजतात, म्हणून कोमट द्रावणात ढवळत ढवळत टाका. आणि निळ्या उजेडानं ते बिघडतं, म्हणून खोलीत निळा-पांढरा दिवा नको.

डाय अंधारात ठेवायचा, काही मिनिटं लावून सावकाश सोडायचा. एकदम सोडला की कुठं जास्त कुठं कमी बसतो आणि जिथं जास्त बसतो तिथं तो स्वतःच त्रास देतो. हिरवी एलईडी फक्त रेकॉर्ड करतानाच चालू, दोन-चार सेकंद, लगेच बंद, कारण उजेडानं डाय फिका पडतो आणि पेशींनाही इजा होते. नवीन माणूस फोकस करत बसतो आणि एलईडी चालूच ठेवतो, ही सगळ्यात जास्त बघितलेली चूक. फोकस मंद उजेडात आधीच करून ठेवा.

आणि बाजूला ईसीजीच्या दोन तारा कायम लावलेल्या असू द्या. कॅमेरा काहीही म्हणो, त्या तारा काय म्हणतात ते आधी बघा.

फाईल हातात आल्यावर

कच्ची फाईल आधी दोन ठिकाणी कॉपी करा, तिला पुन्हा हात लावायचा नाही.

डाय-४-अ‍ॅनेप्सला लाल बाजूनं बघितलं तर व्होल्टेज वाढल्यावर चमक कमी होते, म्हणून ग्राफ उलटा दिसतो. हे ठीक आहे, उलटून घ्या. डाय फिका पडत जातो म्हणून ग्राफ हळूहळू उतरतो, ती उतरण काढून टाका. शेजारच्या ३ गुणिले ३ पिक्सेलची सरासरी घ्या, वेळेचा फिल्टर १०० हर्ट्झच्या आसपास. जास्त गुळगुळीत करायचा मोह होतो, पण मग ठोक्याचा उभा कडा लोळतो आणि वेग खोटा येतो.

सगळ्यात घातक पायरी म्हणजे नॉर्मलायझेशन, जिथं प्रत्येक पिक्सेलला शून्य ते एकमध्ये ताणतात. ज्या पिक्सेलमध्ये सिग्नलच नाही, नुसती गडबड आहे, तोही ताणला की शून्य ते एकमध्ये नाचतो आणि नकाशात रंगीत ठिपका होऊन बसतो. म्हणून आधी कमजोर पिक्सेल कापा, मग ताणा. हा क्रम उलटा केलेले नकाशे मी पाहिले आहेत आणि त्यात जिथं हृदयच नव्हतं तिथंही लाट होती.

प्रत्येक पिक्सेलमध्ये चढ सगळ्यात तीव्र कधी होता ती वेळ काढा, ती पेटण्याची वेळ. सगळ्या वेळा रंगवल्या की नकाशा तयार. हातानं एकदा तपासा: दोन जागा ५ मिलिमीटर अंतरावर, वेळेचा फरक १० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर, बरोबर वाटतंय. दोन मीटर आला तर कुठंतरी चुकलंय. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या मंडळींचं इलेक्ट्रोमॅप सॉफ्टवेअर फुकट आहे, पण मी म्हणतो पहिला नकाशा पायथॉनमध्ये स्वतः करा, सॉफ्टवेअर नंतर.

संशय आला तर हालचाल आहे की वीज हे कसं ओळखायचं? विजेचा चढ काही मिलिसेकंदांत होतो, हालचाल सावकाश आणि उशिरा येते. दुसरं म्हणजे हृदयाच्या कडेला, जिथं उजेड-अंधाराची रेघ आहे, तिथं एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली जाणारा ग्राफ असेल तर ती हालचाल. तिसरं, डाय टाकायच्या आधीच एक रेकॉर्डिंग घेऊन ठेवा, त्यात ठोके दिसले तर ते डायचे नाहीत. पिसूवरचा तिसरा रिकामा चौकोन आठवा, हे तेच आहे. आणि ही वीज मिलिव्होल्टमध्ये सांगू नका, उजेड फक्त कमी-जास्त सांगतो, खरे मिलिव्होल्ट सुईशिवाय कळत नाहीत.

लॅबला मेल कसा लिहायचा

दोन परिच्छेद पुरे. मार्कांची यादी शेवटी. वर काय केलं ते लिहा, सर्किट कोणतं, सॅम्पलिंग किती, म्हणजे सेकंदाला किती वाचनं, काय चुकलं. सोबत तीन चित्रं जोडा: पिसूचे तीन चौकोन, रंग भरलेल्या बोकडाच्या हृदयाचा फोटो, आणि बोट काढल्यावरही धडधडणारा ट्यूबलाईटचा ग्राफ, त्याच्याखाली तो हृदय का नाही ते दोन ओळीत. माझ्या मेलवर उत्तर आलं तेव्हा मॅडमनी फक्त त्या तिसऱ्या चित्राबद्दल विचारलं होतं, सॅम्पलिंग नेमकं किती निघालं म्हणून.